हातमागाचं रेशीम, पण शुक्रवारपर्यंत

लग्न ठरलं, हॉल मिळाला, केटररला ॲडव्हान्स गेला. आता घरातल्या सगळ्यांना एकदम साक्षात्कार होतो की यंदा काहीतरी 'ऑथेंटिक' घालायचं. नवरीला पैठणीचा घागरा, नवऱ्याला पैठणीचं जॅकेट, करवलीला तेच, मावशीच्या ब्लाउजला तेच, आणि उरल्यासुरल्या कापडात भाच्याची टोपी. सगळं हातमागाचं हं. लग्न पुढच्या महिन्यात. अशा सुजाण कुटुंबांसाठी काही सूचना देते आहे. जपून ठेवा, दर लग्नसराईला उपयोगी पडतात.

कापडाची घाई अजिबात करू नका. आधी डीजे ठरवा, मग ड्रोनवाला, मग प्री-वेडिंगसाठी कोकण. त्यातून वेळ उरला तर कापड. येवल्याचा विणकर तुमच्याच फोनची वाट बघत मागावर बसलेला असतो. पदरातला एक मोर विणायचा म्हणजे प्रत्येक रंगाच्या धाग्याची कांडी वेगळी. ती ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, हाताने तेवढ्याच जागेत फिरवायची, शेजारच्या रंगात अडकवायची, परत फिरवायची, असं ओळीमागून ओळ. पदराचं काम दिवसाला इंचांत मोजतात. साध्या काठपदराला काही आठवडे लागतात, भरगच्च पदराला महिनोन्‌महिने. पण ते इतरांच्या लग्नात. तुम्ही फक्त 'थोडं अर्जंट आहे' म्हणा, त्याला आणखी दोन हात फुटतील.

रंगासाठी मेहंदीच्या बॅकड्रॉपचा स्क्रीनशॉट न्यावा आणि मोबाइलचा ब्राइटनेस फुल ठेवावा. एखादं कापड हललं की रंग बदलताना दिसलं, तर लगेच बाजूला सारा. ताणा एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, दुसऱ्या रंगाचा असला की असं होतं. जुनी माणसं त्याला धूपछाव म्हणून कौतुक करायची. फोटोत मात्र ते दर वेळी वेगळं येतं, म्हणजे डिफेक्टिव्हच. शिवाय वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या रेशमात एखाद्या छटेचा फरक पडला, तर दुकान डोक्यावर घ्या. घरातल्या सगळ्या पुरुषांची जॅकेटं एकसारखी दिसायलाच हवीत, शाळेचं संचलन आहे.

जरी खरी का, हे विचारू नये. बरं दिसत नाही. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. घासल्यावर मुलाम्याखालची तार तांबूस दिसली तर ते तांबं. पण भर दुकानात घासत कोण बसतं? अंगावर चढल्यावर सेंटचा फवारा थेट काठावर मारा. जरी काळी पडली की विणकराला नावं ठेवायला मोकळे.

धागा जाळून बघायला मात्र हरकत नाही, कारण दुकानदार स्वतःच काडी ओढतो. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटात चुरली, की टाळ्या वाजवा. दुसऱ्या दिशेचा धागा जाळायला सांगू नका. ताणा रेशमाचा आणि बाणा पॉलिस्टरचा निघाला, तो वितळून टोकाला टणक मणी झाला, तर सगळ्यांचा मूड जातो.

मोरांच्या दिशेबद्दल शिंप्याशी बोलू नका. पाठीवरचे मोर खाली डोकं वर पाय झाले तरी फोटो पुढूनच काढतात.

आणि कापडाची मागची बाजू? ती तर बघूच नये. मी बघितली, म्हणून सांगते.

भाचीच्या घागऱ्यासाठी वहिनीबरोबर पुण्यात मंडईला मेट्रोने उतरून लक्ष्मी रोडला गेले होते. एका मोठ्या दुकानात गादीवर बसवलं, पांढऱ्या चादरीवर जांभळं कापड उलगडलं. "ताई, प्युअर हँडलूम. डायरेक्ट येवल्याहून." आकडा ऐकून वहिनीने पर्स मांडीवर घट्ट धरली. मी पदर उलटा केला, तर मागे पांढरी जाळी शिवलेली, चारी कडांनी बारीक टाके घालून.

"ही कशाला?"

"प्रोटेक्शन आहे ताई. अंगठी अडकते ना."

कशात अडकते? हातमागाच्या पैठणीचा पदर मागून-पुढून जवळपास सारखाच दिसतो, हीच तर तिची खूण. प्रत्येक रंग आपापल्या जागेत विणून शेजारच्यात गुंतवलेला असतो, मागे लोंबणारा धागाच नसतो. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप उठवणाऱ्या यंत्रावर, विणलेल्या नकली कापडात रंगाचा धागा या मोरावरून त्या मोरावर मागच्या मागे धावत जातो. ते मोकळे धागे एक तर कापतात, नाही तर जाळीखाली झाकतात. नखाने दाबलं तर जाळीखाली गुंतवळ हाताला लागत होतं. म्हटलं, एक कोपरा उसवून दाखवा. तर म्हणाला, "उसवलं तर पीस घ्यावाच लागेल." मग सिल्क मार्कचं लेबल काढून नाकासमोर धरलं. अहो, सिल्क मार्क 2004 सालापासून आहे, केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारातून आलेला आहे, सगळं मान्य! पण तो फक्त एवढंच सांगतो की रेशीम अस्सल आहे. ते हाताने विणलं की यंत्रमागावर, हे तो सांगतच नाही. त्यासाठी हँडलूम मार्क आहे, 2006 पासून. तो दाखवा म्हटलं, तर पठ्ठ्या हसून म्हणतो, "ते गव्हर्मेंटवाल्या दुकानात असतं ताई." पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा 1985 चा कायदा आहे. त्यातले वाण 22 वरून 11 वर आणले, तरी साडी त्यात आहेच. पण तो कायदा बहुतेक लक्ष्मी रोडवर पार्किंग शोधत फिरत असावा.

मी उठायला लागले, तर वहिनीच म्हणाली, "अगं, जाऊ दे ना. मागून कोण बघतंय? पाहुण्यांना सांगायचं हातमागाचं आहे म्हणून."

दुकानदाराचा राग मला पाच मिनिटं आला. हे वाक्य मात्र अजून डोक्यातून जात नाही.

बास झालं आता सूचनांचं. यंत्रमागाचं कापड घेण्यात काहीही वाईट नाही. इचलकरंजीपासून मालेगावपर्यंत किती घरं त्यावर जगतात. बजेट तेवढंच असेल तर ते घ्या, झकास शिवा, मिरवा. पण मशीनचं कापड हातमागाच्या भावाने विकणं ही सरळसरळ चोरी आहे, आणि ती तुमच्या डोळ्यांदेखत होते कारण तुम्हाला पदर उलटायचा कंटाळा आहे. स्टेटसला '#हँडलूम' टाकायला तुम्हाला वेळ असतो. ज्याने खरंच विणलंय त्याचा भाव मात्र 'फार सांगतात हो' म्हणून पाडता, आणि तेच पैसे जाळी लावणाऱ्याला निमूट देता. वर म्हणता, कारागिरी राहिली नाही. राहील कशी? मागावर बसणाऱ्याच्या मुलाने काय बघून मागावर बसायचं?

हॉल वर्षभर आधी अडवता ना? मग कापडही सहा-आठ महिने आधी सांगा. येवला पुण्याहून काही परदेशात नाही, दिवसात जाऊन येता येतं. माग डोळ्यांनी बघा. घागऱ्याला किती मीटर लागेल, मोर कुठल्या दिशेला हवेत, हे शिंप्याला आधी विचारून मगच विणायला द्या, म्हणजे नंतर कात्री चुकीची फिरणार नाही. दुकानातून घेणार असाल तर जाळी उसवल्याशिवाय पैसे काढू नका. काठाच्या कडेला बारीक टोचे दिसतात का बघा, मागावर कापड ताणून धरताना ते पडतात. आणि बिलावर 'हातमाग' असं लिहून, खाली शिक्का मारून मागा. तो कां-कूं करायला लागला तर सरळ उठा. चहा पाजला म्हणून बसून राहू नका, चहा दहा रुपयांचा असतो.