तुरळक ठिकाणी म्हणजे नेमकं कुठे?

"मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता. ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे. त्यानंतर कमाल तापमानात २ ते ३ अंशांनी हळूहळू वाढ."

मार्च उजाडल्यापासून हवामान खात्याचं हे वाक्य मी रोज वाचतोय. पेपरात तेच, टीव्हीवर तेच, गावच्या ग्रुपवर तेच. आता नुसतं दिसलं तरी डोकं फिरतं. आज सगळं लिहूनच टाकतो.

आमची सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ तालुक्यात बेदाण्याची शेड आहे. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. द्राक्षं बागेतून आणायची, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायची आणि दहा-बारा कप्प्यांच्या जाळीच्या रॅकवर पसरायची. वर छप्पर, बाजूंना हिरवी शेडनेट. पुढचे पंधरा दिवस सगळा भरवसा कोरड्या वाऱ्यावर. थेट उन्हात नाही, सावलीत वाळवायचा, तेव्हा तो हिरवा रंग टिकतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तासगाव, मिरजेकडचे बागायतदार आमच्या दुष्काळी माळावर माल घेऊन येतात ते इथल्या कोरड्या हवेसाठी. पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तरसलेल्या या माळानं हीच एक गोष्ट आम्हाला दिली. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यातही या हवेचा वाटा आहे.

शेडच्या चारी बाजूंना ताडपत्रीचे पडदे असतात. पाऊस येणार असेल तर ते सोडायचे, नसेल तर गुंडाळून ठेवायचे. सगळ्या हंगामाचा निर्णय या एका गोष्टीवर येऊन थांबतो. पडदे सोडले की वारा बंद. माल आत घुसमटतो, ओल धरतो, लाल पडायला लागतो, खालच्या कप्प्यांना बुरशी येते. नाही सोडले आणि वाऱ्यासोबत पावसाची झड आत आली, तर कडेचे रॅक गेले म्हणून समजा. त्यामुळे मला फक्त एवढंच हवं असतं: आज, आमच्या भागात, किती वाजता?

आणि मला सांगितलं जातं "तुरळक ठिकाणी".

हा मध्य महाराष्ट्र केवढा आहे माहीत आहे? नंदुरबार, धुळे, जळगाव, नाशिक, नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर. दहा जिल्हे! नंदुरबारहून आमच्याकडे गाडीनं यायचं तर अख्खा दिवस जातो. आणि "तुरळक" या शब्दाची व्याख्या आहे: विभागातल्या जास्तीत जास्त चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. म्हणजे धुळ्यात चार थेंब पडले तरी अंदाज बरोबर, आणि माझ्या शेडवर ढग फुटला तरी अंदाज बरोबर. जो अंदाज दोन्हीकडून बरोबरच ठरतो, त्यावर मी पडद्याची दोरी ओढू की सोडू?

कोणी म्हणेल, जिल्हावार इशारे असतात की. असतात. आमचा जिल्हा पिवळा होतो. त्या एकाच पिवळ्या रंगात शिराळा आहे, जिथं डोंगरात धो धो पाऊस पडतो, आणि जतही आहे, जिथं वर्षभरात ५०० मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. दोघांना एकच रंग. हा रंग बघून शिराळ्याच्या माणसानं काय करायचं आणि जतच्या माणसानं काय करायचं?

गेल्या आठवड्यात सलग चार दिवस जिल्हा पिवळा. पहिल्या दिवशी दुपारीच पडदे सोडले. थेंब नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडले. नुसतं मळभ, उकाडा, घामाच्या धारा आणि आत कोंडलेला पाचव्या दिवसाचा माल. संध्याकाळी वहिनींनी मूठभर मणी हातावर घेऊन दाखवले, चिकट झाले होते. तिसऱ्या दिवशी आबा म्हणाले, आता पडदे वर घ्या, नाहीतर माल आतल्या आत मरेल. घेतले. पावणेसहाला पूर्वेकडून धुळीचा लोट आला. चौघंजण पडद्यांवर लोंबकळत होतो, तरी दक्षिणेकडची ताडपत्री वाऱ्यानं कड्यांसकट उपटून नेली. पाऊस किती वेळ पडला असेल? बारा-तेरा मिनिटं. तेवढ्यात कडेच्या दोन रांगा भिजल्या.

सहा वीसला फोन वाजला. येत्या तीन तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. मी ओला, रॅक ओले, अंगणात चिखल, आणि फोनवर "शक्यता".

भिजलेल्या मालाचं काय होतं ते सौद्यात, म्हणजे बेदाण्याच्या लिलावात, कळतं. व्यापारी खोक्यात हात घालतो, चार मणी तळव्यावर पसरतो, उजेडात धरतो आणि काही न बोलता पुढच्या खोक्याकडे जातो. हिरव्याच्या निम्म्यानंही भाव मिळत नाही. खत, औषधं, छाटणीची मजुरी, डिपिंगचा आणि शेडचा खर्च, हे सगळं मात्र पूर्णच द्यावं लागतं.

सरकारी मदत मागायला गेलो तर वेगळाच अनुभव. आधी विचारलं, महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झालाय का? अहो, बेदाणा नासायला दोन मिलिमीटर पुरतो! मग सांगितलं, शेडमधला माल पंचनाम्यात बसत नाही, उभं पीक असेल तर बघू. वेलीवर होतं तोवर पीक होतं, रॅकवर आलं की काहीच नाही? कष्ट तेच, कर्ज तेच, माणूस तोच. वर्षभर राबल्यावर "बसत नाही" हे दोन शब्द ऐकून परत येताना काय वाटतं, ते सांगता येत नाही.

पाऊस पडला त्या रात्री शहरातल्या नातेवाइकांचे स्टेटस बघितले. मस्त गारवा, चहा-भजी, मातीचा वास. त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही, त्यांना कोण सांगणार? पण टीव्हीवाल्यांना माहीत असतं, तरी ते सगळा महाराष्ट्र लाल रंगवून "अवकाळीचं संकट" म्हणून दिवसभर ओरडतात. आणि कुठलीशी दोन वर्षांपूर्वीची गारांची चित्रफीत फिरवणारे ग्रुपवरचे महाभाग! २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट ज्यांनी भोगली, त्यांच्या पोटात असला व्हिडिओ बघून गोळा येतो. रात्रीची झोप उडते, माणसं उठून बॅटरी घेऊन आभाळ बघत बसतात. या लोकांना लाज कशी वाटत नाही?

आता "तापमानात वाढ" या शेपटाचं. ऐकणाऱ्याला वाटतं, चला, ऊन पडेल, माल वाळेल. तसं होत नाही. पावसानंतर जमिनीतून वाफ उठते, हवा दमट होते आणि त्यात पारा चढतो. दमट उष्णतेत भिजलेला मणी वाळण्याआधी काळवंडतो. ज्यांची द्राक्षं अजून वेलीवर आहेत त्यांचे मणी तडकतात. नुसते अंश सांगून भागत नाही, दुपारी हवेत दमटपणा किती राहील तेही सांगा. बेदाण्याच्या शेडला पाऊस सरल्यावरही तोच मारतो.

हे काम अवघड आहे, मान्य आहे मला. या दिवसांत बंगालच्या उपसागराकडून दमट वारं येतं, वायव्येकडून कोरडं येतं, विदर्भापासून कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा पट्टा तयार होतो, दुपारी जमीन तापली की ढग उभा राहतो आणि तासाभरात रिकामा होतो. दोन कोसांवर पाऊस आणि इथं कोरडं, हे वळवाचं आम्ही लहानपणापासून बघतोय. पण म्हणूनच तर चार दिवसांच्या ढोबळ वाक्यापेक्षा त्या शेवटच्या दोन तासांची माहिती महत्त्वाची! वीज कुठं पडतेय ते दामिनी अ‍ॅप आज फोनवर दाखवतं. मग तोच ढग कुठल्या गावावरून कुठल्या गावाकडं सरकतोय, हे शेडवाल्याला वेळेत का कळू नये?

दुपारी दोन वाजता तालुक्याचं नाव घेऊन सांगा. चुकलं तर दुसऱ्या दिवशी चुकलं म्हणून सांगा, आम्ही ऐकून घेऊ. सौद्यात आम्हीही भिजलेला माल वेगळा लावतो, हिरव्यात मिसळून खपवत नाही.

उद्याही जिल्हा पिवळाच आहे. नवी ताडपत्री अजून आलेली नाही.