गाडीला कोरडं फडकं लावू नका!

ज्याच्याकडे काळी गाडी नाही त्याला हा त्रास कळणार नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याला मी पुढे काय लिहिणार ते आत्ताच कळलं असेल. उन्हात किंवा पेट्रोल पंपाच्या एलईडी दिव्याखाली गाडी उभी केली की बॉनेटवर बारीक चऱ्यांचं जे जाळं उमटतं ना, त्याबद्दल बोलतोय. ते खड्ड्यांनी पडत नाही, ट्रॅफिकनं पडत नाही. ते गाडी पुसणाऱ्या हातांनी पडतं. रोज. स्वच्छतेच्या नावाखाली. आणि हे कितीही वेळा, कितीही शांतपणे सांगितलं तरी कुणाच्या डोक्यात शिरत नाही, याचा मला आता खरोखर संताप येतो.

आधी धुळीचं बोलू, कारण सगळं मूळ तिथं आहे. मी पुण्यात राहतो. आमच्या चारही बाजूंना बांधकामं चालू आहेत. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून सगळीकडे क्रश सँड वापरतात, म्हणजे आपलाच काळा दगड फोडून, दळून केलेला चुरा. त्याची पूड उडते आणि रात्रभर गाड्यांवर बसते. या काळ्या दगडातलं फेल्डस्पार नावाचं खनिज कठीणपणा मोजायच्या मोहस्‌च्या मापात ६ वर येतं, साध्या वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे हे कण काचेवरसुद्धा चरा पाडू शकतात! गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट तर प्लास्टिकच्या जातीचा पारदर्शक लेप, काचेपेक्षा कितीतरी मऊ. त्यावर ही पूड बसलेली असताना कोरडं फडकं दाबून फिरवलं की ते फडकं राहतच नाही, त्याचा पॉलिश पेपर होतो. मग ते पिवळं फ्लॅनेल असो, जुन्या बनियनचा तुकडा असो, नाहीतर महागडं मायक्रोफायबर असो. चरा फडकं पाडत नाही, फडक्याखाली अडकलेला कण पाडतो. सिग्नलवर विकायला येतो तो लांब दांड्याचा कुंचाही त्यातलाच.

धूळ बसली तर बसू द्या ना! नुसती बसलेली धूळ रंगाचं काही वाकडं करत नाही. कबुतरांनी घाण केली तर ती लगेच काढायला हवी हे खरं, कारण ती रंग खाते. पण तीही ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून, भिजवून, अलगद उचलून. नखानं खरवडून नाही.

"मग बाकीच्यांच्या गाड्यांवर कसे दिसत नाहीत?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय की आता विचारणाऱ्याला मी हाताला धरून पार्किंगमध्ये नेतो आणि मोबाईलचा टॉर्च लावून दाखवतो. पांढऱ्या गाडीवरही चरे तेवढेच असतात. पण पांढरा रंग सगळाच प्रकाश परत फेकतो, त्यात चऱ्यावरून विखुरलेला प्रकाश बुडून जातो. काळा रंग आलेला प्रकाश गिळून टाकतो, त्यामुळे फक्त चरेच चमकत राहतात. आणि ते चरे गोल नसतात. आडवेतिडवे, कुठल्याही दिशेचे असतात. त्यातले जे दिव्याकडून येणाऱ्या प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच उजळतात, म्हणून दिव्याभोवती गोल जाळं दिसतं. टॉर्च हलवला की जाळंही हलतं. बघा एकदा स्वतःच्या गाडीवर, मग मला वेडा म्हणा.

आता यावर उपाय काय? पॉलिशचं मशीन लावा, असं सगळे सांगतात. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर सगळे थर धरून रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात वरचा क्लिअर कोट ४० ते ५० च्या आसपास. मशीननं चरा काढायचा म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा लेप घासून खाली आणायचा. चरा जातो, लेपही जातो, आणि गेलेला लेप परत येत नाही. खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणारी रसायनं याच लेपात असतात. जुन्या गाड्यांच्या टपावर पांढरे पोपडे सुटलेले पाहिलेत? तिथं हा लेप संपलेला असतो. म्हणून मी ऊठसूट मशीन लावत नाही. हातानं बुजवतो.

हातानं बुजवणं म्हणजे काय ते एकदा ऐका, म्हणजे राग कशाचा आहे ते समजेल. आधी दोन बादल्यांनी धुणं: एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि प्रत्येक पॅनेल झालं की हातमोजा साध्या पाण्यात खळबळून मगच परत शॅम्पूत. मग क्ले, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून घेणारा मऊ गोळा, भरपूर ओलाव्यावर, हात एकदम हलका. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून रंगावरून बोटं फिरवायची. नुसत्या बोटांना लागत नाही ती खरखर पिशवीतून लागते. ती पूर्ण जाईपर्यंत पुढं जायचं नाही. मग सावलीत, बॉनेट गार असताना, फोमच्या पॅडवर थोडंसं फाईन पॉलिश. दोन वीत लांब, दोन वीत रुंद, एवढाच तुकडा घ्यायचा. आधी उभे हात, मग आडवे, चारही बोटं सपाट ठेवून, म्हणजे दाब एका जागी येत नाही. अगदी उथळ चरे यात निघतात. खोल राहतात ते ग्लेझनं बुजवायचे. ग्लेझमधली तेलं आणि भरण चऱ्यात बसतं, त्याची धारदार कड झाकली जाते आणि प्रकाश विखुरायचा थांबतो. वर कार्नाउबा मेणाचा पातळ हात, म्हणजे भरण लगेच धुऊन जात नाही. एवढं झालं की तो काळा रंग असा खोल दिसतो की समोरच्या इमारतीच्या खिडक्यांचे गज बॉनेटमध्ये मोजता येतात.

हे काही आठवडे टिकतं, मग परत करावं लागतं. त्याची माझी अजिबात तक्रार नाही. मला हे काम मनापासून आवडतं. खांदे भरून येतात, पाठ धरते, तरी आवडतं. तक्रार ही आहे की रविवारचा अख्खा दिवस घालून हे करावं आणि सोमवारी सकाळी सहाला, रात्रभरची धूळ वर बसलेली असताना, कुणीतरी त्यावर कोरडं फडकं गोल गोल फिरवावं!

या सोमवारी तेच झालं. सोसायटीतल्या गाड्या पुसणारे मामा माझ्या गाडीपाशी गॅलरीतून दिसले तसा चप्पल न घालता खाली धावलो.

"मामा, माझी गाडी पुसू नका म्हटलं होतं ना?"

"अहो सर, किती धूळ होती! बरं दिसंना. शेजारची करता करता एक हात मारला."

"ओलं तरी करायचं होतं हो."

"पाणी कुठनं आणू? खालच्या नळाला सेक्रेटरी साहेबांनी कुलूप लावलंय. एका बादलीत सगळी लाईन उरकायचीय, आठच्या आत."

यावर मी मामांना काय बोलणार? त्यांनी माझ्याकडून एक पैसा न घेता, चांगुलपणानं केलं होतं. गाडीमागे महिन्याला काहीशे रुपये मिळतात त्यांना, आणि लोक कामावर निघायच्या आत अख्खी रांग चमकायला हवी. मी त्यांच्या बादलीत वाकून पाहिलं. तिसऱ्या गाडीलाच पाणी गढूळ झालेलं होतं, आणि बादली तिरकी केली तर तळाशी रेती सरकताना दिसत होती. तीच रेती फडक्याबरोबर पुढच्या गाडीवर जाते, तिथून त्याच्या पुढच्या. हा दोष मामांचा नाही. हा दोष नळाला कुलूप लावणाऱ्या कमिटीचा आहे.

कमिटी म्हणते पाणी वाचवायचंय. अहो, मग सकाळी गच्चीवरची टाकी भरून वाहते तेव्हा ते पाणी कुणाचं असतं? गेटवरचं कारंजं रोज संध्याकाळी चालू असतं, ते? मी लेखी दिलं की उन्हाळ्यात पाईप लावून गाड्या धुवू नका हे मला मान्य आहे, मी स्वतःही धूत नाही. रिन्सलेस वॉशचं द्रावण मिळतं, एका बादलीत अख्खी गाडी होते, वर पाणी मारावं लागत नाही. झाडांवर फवारायचा छोटा पंप घेतला की धूळ आधी भिजवून घेता येते. मामांना दोन स्वच्छ बादल्या पाणी द्या, पंप मी आणून देतो, द्रावणही मी आणून देतो. यावर उत्तर काय मिळालं? "गाडी चालवायची वस्तू आहे, एवढं काय जीव लावताय?" जीव लावतोय, हो! हप्ते भरून घेतलीय. घरातल्या फरशीवर रेतीचा बूट घासला तर हेच गृहस्थ घर डोक्यावर घेतील.

आणि सोसायटी सोडा, जे पैसे घेऊन हेच काम करतात त्यांनी तरी नीट करावं? सर्व्हिसिंगला गाडी दिली की मी जॉब कार्डवर स्वतःच्या हातानं लिहितो: वॉशिंग करू नये. समोरचा माणूस मान डोलावतो. गाडी घ्यायला जावं तर धुऊन, पुसून तयार! "सर, वॉशिंग फ्री असतं." टायर पुसलेला ब्रश दारांवर फिरलेला असतो, दाराच्या खालच्या कडेला मिशीच्या केसासारखे ताजे चरे, आणि वर मला हसून फीडबॅकमध्ये दहापैकी दहा द्या म्हणायचं. नाही देणार.

त्याहून जास्त राग येतो तो चरे कायमचे काढून देतो सांगून नुसतं भरण मारणाऱ्यांचा. एका दुकानात माझ्या मित्राच्या गाडीवर हेच झालं. दिव्याखाली आरसा दाखवला, हजारो रुपये घेतले, आणि दोन-तीन वेळा धुतल्यावर सगळं जाळं जसंच्या तसं वर आलं. अरे, बुजवलंय तर बुजवलंय म्हणून सांगा, त्याचे पैसे घ्या! त्यात काही कमीपणा नाही, मी स्वतः तेच करतो. गाडी ताब्यात घेण्याआधी एका पॅनेलवर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून मारायला सांगा आणि पुसा. भरण उतरतं, खरं काय ते समोर येतं. नकार दिला तर पैसे देऊ नका.

वर ते सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा आणखी एक कडक पारदर्शक लेप. "९एच आहे सर, चरा पडणारच नाही." ९एच हे पेन्सिलच्या कठीणपणाचं माप आहे. ९एच पेन्सिल ठराविक कोनात दाबून ओढली तर कोटिंगवर ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. क्वार्ट्झच्या कणाला त्या पेन्सिलशी काही देणंघेणं नाही. कोटिंगनं पाणी ओघळतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं, हे सगळं खरं. पण कोटिंग आहे म्हणून लोक बिनधास्त कोरडं पुसायला लागतात, आणि विकणारा त्यांना अडवत नाही.

टूथपेस्टचा सल्ला देणाऱ्यांना तर हात जोडतो. टूथपेस्टमधलं सिलिका आणि कॅल्शियम कार्बोनेट दातांसाठी आहे, आणि दाताचं इनॅमल मोहस्‌च्या मापात ५ वर आहे. क्लिअर कोट दात नाही. काळ्या रंगावर टूथपेस्ट घासली की एका चऱ्याच्या जागी धुरकट डाग मिळतो. डिझेलचा बोळा फिरवतात तेही तसंच: तासभर चकाकी, मग त्या तेलकटपणावर दुप्पट धूळ, आणि ती पुसायला पुन्हा फडकं.

धुळीवर बोटानं नाव लिहिणाऱ्या पोरांच्या आईवडिलांनो, ते नाव धुतल्यावरही जात नाही. बोटाखाली रेती असते. माझ्या डिकीवर "रोहन" आजही उन्हात वाचता येतो. आणि दसऱ्याला गाडीची पूजा मीही करतो, पण हार बॉनेटवर तारेनं ओढून बांधायची काही गरज नसते. ती तार वाऱ्यानं हलते आणि गाव येईपर्यंत घासत राहते.

या रविवारच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर खालच्या नळाचा विषय अजून घातलेला नाही. दोनदा पत्र दिलंय, पोच घेतलीय. नसेल घालायचा तर मी तो आयत्या वेळच्या विषयांत काढणार आहे, मामांची बादली टेबलावर ठेवून काढणार आहे, आणि सेक्रेटरींनी उशीर झाला म्हणून उठायचं नाही.