नदी धुऊन नेते, पण किती?

सांगलीकडच्या नदीकाठच्या गावांत व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. ‘कृष्णामाई वाहती आहे, वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं. चार हजार वस्तीचं सांडपाणी ते कितीसं! घरोघरी शोषखड्डा काढा, नाल्यात तुरटी सोडा, विषय संपला. नदी नासवतात ते कारखाने. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प म्हणजे ठेकेदाराची सोय.’ भावकीच्या ग्रुपवर हा तीनदा आला. तिसऱ्यांदा पाठवणारे खुद्द आमचे चुलते, म्हणून लिहायला बसलो.

वाहतं पाणी शुद्ध होतं, हे अर्धं खरं. पाण्यातले जिवाणू घाण खातात, पण त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. उन्हाळ्यात लिटरभर पाण्यात तो साडेसात-आठ मिलिग्रॅमच मावतो. घरगुती सांडपाण्याला लागणारा प्राणवायू, म्हणजे बीओडी, लिटरला साधारण २५० मिलिग्रॅम. अंघोळीच्या पाण्याची मर्यादा ३. वरून येणारी नदी आधीच २ वर असेल, तर एक लिटर सांडपाणी मर्यादेत बसवायला जवळजवळ अडीचशे लिटर नदी हवी. ऑगस्टात ती असते. एप्रिलात बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की नदी वाहत नाही, तुंबते. आणि आपण सोडलेलं पाणी पुढच्या गावाच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीतून पिण्याचं पाणी उचलायच्या विहिरीत जातं, ते वेगळंच.

‘कितीसं’ याचाही हिशेब करू. जलजीवन योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलंय. त्यातलं ८० टक्के गटारीला जातं असं मानतात. चार हजार माणसांचं झालं १ लाख ७६ हजार लिटर, म्हणजे पाच हजारी टँकर रोज ३५. एक टँकर कुणी घाटावर उलटा केला तर गाव जमेल. पाइपातून गेलं की दिसत नाही, एवढंच.

शोषखड्डा मुरमाड जमिनीत झकास चालतो. आपली मळीची काळी जमीन एकदा भिजून फुगली की पाणी पीतच नाही. आमच्या परड्यातला खड्डा तळाला दगड, वर विटांचे तुकडे, सगळं रीतसर भरून केला होता. जुलैत तो उलटा वाहायला लागला आणि दिवाळीपर्यंत तोंडाशी साबणाची राखाडी साय धरून बसला.

तुरटीचं मी करून पाहिलं. पाणंदीच्या नाल्यातलं पाणी बाटलीत भरून तुरटी फिरवली. तासाभरात गाळ खाली, वर पाणी नितळ. चुलते खूश! झाकण लावून तीन दिवस ठेवली. उघडली तेव्हा कुजक्या अंड्यांचा वास स्वयंपाकघरापर्यंत गेला. तुरटी तरंगता गाळ बसवते, विरघळलेली घाण आणि अमोनिया जिथल्या तिथे राहतो. आणि बसलेला गाळ काढायचा कुणी?

कारखान्यांचं म्हणणं खरं आहे. त्यांना धरलंच पाहिजे. त्यानं आपला नाला बंद होत नाही.

ठेकेदाराच्या मुद्द्यावर मात्र मी चुलत्यांच्या बाजूला झुकतो. एका गावात हवा सोडणारी यंत्रं लाइटबिल थकल्यानं बंद पडलेली पाहिलीत. पण प्रकल्प म्हणजे यंत्रंच, असं कुणी सांगितलं? ओळीनं तीन-चार तळी काढून पाणी वीसेक दिवस फिरवलं, तर ऊन, शेवाळ आणि जिवाणू बिनविजेचं काम करतात. वीस दिवसांचं पाणी साडेतीन हजार घनमीटर. सरासरी दीड मीटर खोली धरली तर २३-२४ गुंठे, बांध आणि वाट धरून एकरभर. काही वर्षांनी गाळ उपसावा लागेल. तो खर्च लपवू नये.

त्या मजकुरात हे नाहीच. खरी अडचण पुराची. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोका पातळी ४५ फूट, आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. तळी पूररेषेच्या बाहेर घ्यायची तर गायरान वर आणि गावठाण खाली, म्हणजे पाणी उचलायला एक पंप आलाच. त्याचं बिल घरपट्टीतून भरायचं की वित्त आयोगाच्या निधीतून, यावर ग्रामसभेत चुलत्यांशी भांडायला मी तयार आहे.