ऑरगॅनिक दूध घेताय? मग एवढं कराच!

परवा फोंड्यातल्या एका दुकानातून ऑरगॅनिक दुधाची बाटली आणली. ११० रुपये लिटर. बाटलीवर हिरवं पान, समाधानी चेहऱ्याची गाय आणि ठळक अक्षरांत ‘हार्मोनमुक्त’. प्रमाणपत्राचा नंबर कुठेच दिसेना, म्हणून लेबलावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडचा पोरगा म्हणाला, ‘‘सर, आमच्या गायी एकदम हॅपी आहेत.’’ मी विचारतोय सर्टिफिकेट, हा सांगतोय गायीचा मूड! तर माझ्यासारखे नको ते प्रश्न विचारून तुमची सकाळ नासू नये, म्हणून हे चार शब्द.

बाटली काचेचीच घ्या. पिशवीतलं दूध ऑरगॅनिक कसं असेल?

‘हार्मोनमुक्त’ दिसलं की मुकाट्याने पैसे काढा. दूध गायीच्या अंगातून येतं, तिचे स्वतःचे हार्मोन त्यात असायचेच, असलं काही मनात आणू नका.

‘ए-टू’ (दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार) लिहिलं असेल तर आणखी वीस रुपये आनंदाने द्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ते शब्द वेष्टनावरून काढायला सांगितले आणि आठवडा व्हायच्या आत आदेश मागेही घेतला. त्यांचंच ठरत नाही, तर तुम्ही कशाला डोकं शिणवता?

रोज सकाळी अमेरिकेतल्या गायींची काळजी करा. दूध वाढवणाऱ्या आरबीएसटी या हार्मोनच्या इंजेक्शनला तिकडे १९९३ साली मंजुरी मिळाली, कॅनडाने १९९९ साली नकार दिला, युरोपातही त्याला बंदी आहे. कॅनडाने नकार दिला तो गायींच्या हालांमुळे. कास सुजते, पाय अधू होतात. पण फॉरवर्ड करताना गायीचं दुखणं तेवढं गाळा आणि ‘आपल्या मुलांना वाचवा’ लिहा.

आपल्या देशातल्या ऑक्सिटोसिनबद्दल, म्हणजे पान्हा सोडायला लावणाऱ्या हार्मोनबद्दल, मात्र अवाक्षर काढू नका. वासरू मेलं, गाय पान्हा चोरते, की टोचली सुई. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमाखाली दुधासाठी असं इंजेक्शन देणं गुन्हा आहे. ते दुधातून तुमच्या पोटात गेलंच तरी तिथे पचून जातं. भोगते ती गाय, दोन वेळा, रोज. आणि वासरू का मेलं? त्याच्या वाटचं दूध तुम्हाला हवं होतं म्हणून! जगलेलं वासरू पाडा, म्हणजे नर, असेल तर विचारायलाच नको, थोडा मोठा झाला की रात्री हायवेवर तुमच्या गाडीच्या दिव्यात दिसतोच. मग तुम्हीच हॉर्न मारत शिव्या घालता, ‘‘कुणाची रे ही गुरं?’’ कुणाची म्हणजे? तुमच्या चहाची!

आणि खरी भीती कशाची बाळगायची ते तर कुणी बोलतच नाही. एफएसएसएआयच्या २०१८ च्या पाहणीत दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. अँटिबायोटिक मर्यादेबाहेर निघालं १.२ टक्के नमुन्यांत, अफलाटॉक्सिन ५.७ टक्क्यांत. अफलाटॉक्सिनचं विष येतं बुरशी धरलेल्या खाद्यातून. आपल्याकडे पावसाळ्यात चामड्याची चप्पल आठवड्यात हिरवी होते, देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे बुरशी चढते, मग पेंडीचं पोतं सुटेल? पोतं फळीवर ठेवलंय की ओल्या जमिनीवर, हे गोठ्यात डोकावलं की कळतं. पण गोठ्यात शेण असतं, बूट खराब होतात. बाटलीवरचं हिरवं पान बरं.

श्वेत कपिला ही आपल्या गोव्याची गाय. नाकपुडीपासून शेपटीपर्यंत पांढरी, दिवसाला दोन-तीन लिटर देणारी. तिचं नाव घेऊ नका. ‘‘गीर आहे का?’’ असंच विचारा.

आमच्या वाड्यावर एक बाई दोन गायींचं दूध घालते. शेजारच्या वहिनींनी तिला दारातच अडवलं, ‘‘हार्मोन-बिर्मोन देत नाहीस ना गं?’’ ती बिचारी म्हणाली, ‘‘हॉर्मोन म्हळ्यार कितें?’’ मग वहिनींनी लिटरमागे दोन रुपये कमी करून घेतले. त्याच वहिनी संध्याकाळी ११० ची बाटली आणतात. दुकानदाराला म्हणून पाहा की दोन रुपये कमी कर!

पुरे झाला उपदेश. सरळच सांगतो. ऑरगॅनिक दूध घ्या, जरूर घ्या. सेंद्रिय चारा, दूधवाढीच्या हार्मोनला मनाई, औषध दिलं तर ठरावीक दिवस दूध बाजूला काढणं, हे नियम चांगलेच आहेत. पण ते पाळले जातात की नाही हे कुणीतरी तपासावं लागतं, आणि तपासलं तर लेबलावर प्रमाणपत्राचं सरकारी चिन्ह आणि नंबर येतो. थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राच्या सक्तीतून कायद्याने सूट आहे. चकचकीत बाटलीवाल्या कंपनीला नाही. तुम्ही मात्र उलटतपासणी घेता ती त्या बाईची, आणि कंपनीसमोर तोंडातून शब्द फुटत नाही! नंबर नसेल तर बाटली तिथेच काउंटरवर ठेवा आणि चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं विचारा. वाड्यावरच्या बाईला शंका विचारायची तर तिच्या गोठ्यात जाऊन पोतं बघा. आणि तिचे पैसे एक तारखेला द्या. दहा तारखेला नव्हे, तिने तिसऱ्यांदा आठवण केल्यावर तर नव्हेच.