पुस्तकात नसलेली टॉरिएल आणि पुस्तकात असलेले पडसे

मी राहतो त्या न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या विमानतळावर छताला टांगलेले दोन महाकाय गरुड 2025च्या मे महिन्यात उतरवण्यात आले. 'द हॉबिट' चित्रपटमालिकेच्या निमित्ताने ते 2013 मध्ये तेथे आले होते आणि त्यांतल्या एकाच्या पाठीवर त्या कथेतला जादूगार गॅन्डाल्फ बसलेला होता. त्यांचे छायाचित्र मी पुण्यातल्या भाच्याला पाठवले, तर त्याने गरुडांबद्दल अवाक्षर न काढता बारा वर्षांपूर्वीचा वाद उकरून काढला. "मामा, तू काही म्हण, दुसऱ्या भागाची त्यांनी वाट लावलीच."

दुसरा भाग म्हणजे डिसेंबर 2013 मध्ये आलेला 'द डेसोलेशन ऑफ स्माउग'. लेखक टोल्किन यांचे 1937 सालचे 'द हॉबिट' हे जेमतेम तीनशे पानांचे पुस्तक दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी तीन चित्रपटांत मिळून जवळपास आठ तासांपर्यंत ताणले, आणि त्या ताणाचा सर्वाधिक राग या मधल्या भागाने ओढवून घेतला. पुस्तकात नसलेली टॉरिएल नावाची एल्फ, म्हणजे वनात राहणाऱ्या अमर जमातीतली, योद्धी आली, तिचे बुटक्यांच्या (ड्वार्फ) जमातीतल्या एकावर मन बसले, लेगोलास हा दुसरा एल्फ कारण नसताना हजर झाला आणि स्माउग हा ड्रॅगन गावावर झेपावतो न झेपावतो तोच पडदा पडला, अशी भाच्याची आरोपपत्रिका होती. त्याच वर्षी जुलैमध्ये 'दुनियादारी' आला, तेव्हा सुहास शिरवळकरांच्या कादंबरीचे काय केले यावरून याच मुलाने माझ्या ताईशी दोन दिवस अबोला धरला होता. आमच्या घरात चित्रपट मोजायची पट्टी एकच, ती म्हणजे हे पुस्तकात होते की नव्हते.

वेलिंग्टनमध्ये मी तोच दुसरा भाग पाहिला, तेव्हा चित्रपट संपल्यावर श्रेयनामावली सुरू झाली तरी जागचे कोणी उठले नाही. लोक नावे वाचत होते. मागच्या रांगेतून एका नावाला टाळ्या पडल्या, आणि मीही माझ्या शेजारणीचे नाव शोधत बसलो होतो, कारण मिरामार या वेलिंग्टनच्या उपनगरातल्या एका कार्यशाळेत जाळीला एकेक केस गाठवून ती टोप आणि दाढ्या तयार करत असे. या देशात त्या चित्रपटांवरून झालेले खरे भांडण पुस्तकाचे नव्हतेच. 2010 मध्ये कलाकारांच्या संघटनांनी करारासाठी बहिष्काराचे हत्यार उपसले, चित्रीकरण परदेशी हलवण्याची भाषा सुरू झाली आणि सरकारने घाईघाईने कामगार कायदा बदलून चित्रपटात काम करणाऱ्यांना कर्मचारी नव्हे तर कंत्राटदार ठरवले. त्यांना सामूहिक वाटाघाटींची वाट पुन्हा मोकळी करून देणारा कायदा येण्यास 2022 साल उजाडावे लागले. त्या काळात येथे कोणाला "पण लेगोलास पुस्तकात नाही हो" असे सांगणे म्हणजे लग्नघरात आमटीचे मीठ काढण्यासारखे झाले असते.

मला मात्र या समंजसपणाचा हळूहळू संशय येऊ लागला आहे. दाढ्या गाठवणारी बाई रोज सकाळी कुंपणापलीकडून हात करते, म्हणून चित्रपट कंटाळवाणा होता हे म्हणायला जीभ रेटत नाही, आणि असे न म्हणण्यालाच आम्ही परदेशात प्रगल्भता म्हणतो. भाच्याला ती अडचण नाही. निर्मात्यांशी त्याचे काही देणेघेणे नसल्याने तो मोकळेपणाने नाराज होऊ शकतो, आणि त्याच्या या मोकळेपणाचा मला हेवा वाटतो.

तरीही त्याची पट्टी मला अपुरी वाटते. टॉरिएलबद्दल माझी तक्रार नाही. मूळ पुस्तकात स्त्रीपात्र जवळजवळ नाहीच, तेव्हा एखादे आले म्हणून कथेला भोक पडत नाही. भोक पडते ते पिंपांतून नदीने पळ काढण्याच्या प्रसंगात. पुस्तकात बुटके बंद पिंपांत गवताच्या काडांमध्ये दडपलेले असतात आणि कथेचा नायक बिल्बो वरून पिंपाला चिकटून, भिजत, कुडकुडत नदीने जातो. गावात पोहोचल्यावर त्याला असे पडसे होते की मेजवानीत आभाराचे दोन शब्दही नाकातून बाहेर पडतात. चित्रपटात पिंपे उघडी आहेत, काठावर ऑर्क नावाचे राक्षसी शत्रू धावताहेत, बाण सुटताहेत आणि कोणालाही थंडी वाजत नाही. स्माउगचेही तेच. पुस्तकात एक घाबरलेला लहानसा जीव कोड्यांत बोलून ड्रॅगनला खेळवतो आणि स्वतःला 'पिंपावरचा स्वार' म्हणवण्याच्या फुशारकीत सरोवराकाठच्या गावाचा सुगावा देऊन बसतो. चित्रपटातही तो हे बोलतो, पण मग बुटके भट्ट्या पेटवतात, वितळलेल्या सोन्याचा प्रचंड पुतळा ओततात, आणि एका वाक्याने ओढवलेले संकट त्या धुमाळीत बुडून जाते. भर घातल्याचा मला राग नाही, भर घालताना भीती आणि गारठा काढून टाकल्याचा आहे.

हे मी भाच्याला तो 2019 मध्ये येथे आला असताना सांगितले होते. पिंपांचे चित्रीकरण दक्षिण बेटावरच्या पेलोरस नदीत झाले होते, म्हणून आम्ही तेथे गेलो. पाणी हिरवे, तळाचे गोटे मोजता येतील इतके नितळ. माझे न ऐकता तो कमरेपर्यंत उतरला, दहाएक मिनिटे थांबला आणि ओठ निळे करून बाहेर आला. त्या रात्री जेवताना टॉरिएलचा विषय त्यानेच काढला, पण नाक इतके चोंदले होते की तिचे नावही त्याला धड उच्चारता येईना.