डबा मी स्वतः भरला होता

आज जेवणाच्या सुट्टीत कंपनीत एकानं माझ्या डब्यात डोकावून सगळ्यांसमोर विचारलं, "काय भो, वहिनीले सकाळी उठायचा कंटाळा येतो का, रविवारचं बनवलेलं बुधवारी देऊन राहिल्या." सगळे हसले. घंटा व्हायला आली होती म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही, पण दुपारपासून डोकं तापलेलं आहे, त्यामुळे इथं लिहून टाकतो. ज्याला लांबलचक वाटेल त्यानं पुढे सरकावं.

डबा मी भरला होता. माझी बायको नर्स आहे, रात्रपाळी करून सकाळी आठनंतर घरी येते, तोपर्यंत मी एमआयडीसीत मशीनवर उभा असतो. ती कधी उठणार होती आणि कधी भाकरी थापणार होती? आणि डब्यात होतं काय तर मटकीची उसळ. मटकीला मोड रविवारी-सोमवारी आणले, वाटण रविवारचं, पण फोडणी आज पहाटेची आणि भाकरी आज तव्यावरून उतरवलेली. हे शिळं असेल तर मग गेटबाहेरच्या गाडीवर सकाळपासून उकळत असलेला रस्सा ताजा कसा, हे मला त्या माणसानं सांगावं.

माझी माय आयुष्यभर हेच करत आली. बाप जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात होता. ज्यांच्या घरात जिनिंगचा माणूस आहे त्यांना माहिती आहे, कापूस आला की दिवाळीच्या आसपास काम सुरू, उन्हाळ्यात बंद, आणि मग पावसाळाभर हाताला काय मिळेल ते. मायनं त्या पावसाळ्याची तयारी उन्हाळ्यातच केलेली असायची, बिबड्या, कुरड्या, उडदाचे पापड, मुगाचे वडे, सगळं पत्र्याच्या डब्यात. आणि बाजाराच्या दिवशी संध्याकाळी भाजी आली की ती सगळी घेऊन बसायची. फ्रीज कुठला, ओलं फडकं आणि टोपली. मेथी पहिल्या दिवशी, गिलके दुसऱ्या, मग गवार, मग वांगी, शेवटी डाळ नाहीतर वड्यांची भाजी. कोणत्या दिवशी काय खायचं हे बाजाराच्या दिवशीच ठरलेलं असायचं. एका वर्षी श्रावणात बापाला काम मिळालंच नाही, गल्लीतल्या जवळपास प्रत्येक घराची किराणा दुकानात उधारी होती, वही भरलेली. आमच्या नावाचं पान त्या वहीत नव्हतंच. दुकानदार बापाला विचारायचा, तुमचं भागतं कसं?

तर हे काही मी रील बघून शिकलेलो नाही.

आता पैशाचं. आम्ही दोघं कमावतो तरी आधी आठवड्यातून दोन-तीनदा पार्सल यायचं. लोक म्हणतात भाजी महाग झाली, डाळ महाग झाली, खरं आहे, पण आमच्या घरातला पैसा भाजीत जात नव्हता. पैसा जायचा संध्याकाळी साडेसातला, जेव्हा दोघंही थकलेले, पोरगं भुकेलं, आणि घरात कांदे-बटाटे असूनही कोणाच्या अंगात चिरायची ताकद नाही. तेव्हा मोबाईल हातात येतो. शेवभाजी, पोळ्या, एक राईस, मग त्यावर पॅकिंग, डिलिव्हरी, ५ टक्के जीएसटी, आणि तो प्लॅटफॉर्म फी नावाचा प्रकार, जो २०२३ मध्ये २ रुपयांपासून सुरू झाला आणि वाढतच गेला. अडीचशेचं जेवण साडेतीनशेला पडतं आणि रश्श्यात शेव आधीच विरघळून लगदा झालेला असतो. शेवभाजीत शेव जेवायला बसल्यावर टाकायची असते हे खान्देशातल्या लहान पोरालाही कळतं.

तीच शेवभाजी घरी. कांदा, सुकं खोबरं, लसूण, आलं काळंसर भाजून वाटण रविवारीच करून ठेवलेलं, छोट्या डब्यांमध्ये फ्रीझरमध्ये. एक डबा काढायचा, तेलात परतायचा, काळा मसाला, गरम पाणी, उकळी, पाव किलो जाड शेव. भात लावेपर्यंत रस्सा तयार. त्याच वाटणात अंडी सोडा, पाटोड्या सोडा, मटकी घाला. रविवारचे दोन तास सगळ्यांचे हात लागतात, मी चिरतो, बायको भाजते, पोरगं लसूण सोलतं. जो पैसा वाचला त्याची पोस्टात पोराच्या नावानं ५ वर्षांची आरडी काढली आणि ती पगारातून नाही, पार्सलच्या पैशातून भरतो. एवढं पुरे आहे मला.

हो, सगळं ठेवून चालत नाही, मान्य. भरीत ज्या दिवशी भाजलं त्याच दिवशी खावं, थंडीतल्या बामणोदच्या वांग्याचं तर नक्कीच, ते फ्रीजमध्ये ठेवणं पाप आहे. भाकरीही रोजचीच. दादर ज्वारीचं पीठसुद्धा मी आठवड्यापुरतंच दळून आणतो, पीठ जुनं झालं की भाकरी थापताना तुटते. आणि शिजवलेली भाजी तीन-चार दिवसांच्या वर ठेवायची नाही, म्हणून आमच्याकडे रविवारी तयारी आणि बुधवारी रात्री पुन्हा थोडीशी. मे महिन्यात जळगावात पारा ४५ ला टेकतो तेव्हा शिजलेलं अन्न ओट्यावर विसरायचं नाही, वाफ गेली की लगेच आत, आणि लाईट बराच वेळ गेली तर आधी ते संपवायचं. एवढी अक्कल घरात बाईला असते, आणि पुरुषाला यायला काही हरकत नाही.

हॉटेलवाल्यांचीही पोटं आहेत, ठीक आहे, पाहुणे आले की आम्हीही ढाब्यावर जातो.

खरा जीव तुटतो तो आमच्या लाईनवरच्या एका पोरासाठी. शहाद्याकडचा आहे, कॉन्ट्रॅक्टवर, तिघं मिळून एका रूमवर राहतात. दोन्ही वेळा बाहेर खातो. पगार दहा तारखेला, वीस-बावीस तारखेपर्यंत खिसा रिकामा, मग माझ्याकडे नाहीतर सुपरवायझरकडे उसने. चांगलं पोरगं आहे, दारू नाही, गुटखा नाही, घरी बहिणीचं लग्न काढलंय म्हणून पैसे पाठवायचे असतात आणि पाठवता येत नाहीत म्हणून रात्री झोपत नाही. आज हसणाऱ्यांमध्ये तोही होता, पण त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कोणी शिकवलंच नाही. फ्रीज नाही म्हणतो. अरे, आमच्याकडेही नव्हता. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कोरडा भाजलेला मसाला, डाळ-तांदूळ मोजून पुड्या बांधून ठेवायच्या, रात्री कुकर लावला की खिचडी. मटकी फडक्यात बांधून खिळ्याला अडकवली की दुसऱ्या दिवशी मोड. आमचं आख्खं घर एवढ्यावर जगलं, बापाला काम नसताना.

आणि पुन्हा त्या माणसावर येतो, कारण लिहिता लिहिता पुन्हा चीड आली. त्याची बायको पहाटे साडेचारला उठून तीन डबे करते, सासऱ्याला वेगळं, पोरांना वेगळं, याला वेगळं, आणि हा त्या कष्टाला संस्कार म्हणतो. स्वतः घरी ग्लास उचलत नाही. ज्याच्या डब्यातली भाजी दुसऱ्या कोणाच्या झोपेतून आलेली आहे त्यानं माझ्या बायकोच्या झोपेवर बोलू नये. ताजं पाहिजे ना, उठ आणि कर. माझी माय ताजं-शिळं याच्यापेक्षा एक गोष्ट बघायची, ताटात काही उरलं का आणि डब्यात काही नासलं का. तिच्या घरात नासलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि आज ज्यांच्या घरी रोज ताजं होतं त्यांच्याच कचऱ्यात अर्धी कोथिंबीर आणि सडलेले टमाटे असतात.

गेल्या खेपेला माय आली होती. फ्रीजचं दार उघडून उभी राहिली, सगळे डबे बघितले, वाटणाचा एक उघडून वास घेतला. मला वाटलं काहीतरी बोलेल. म्हणे खोबरं अजून जरा काळं होऊ देत जा, मग रस्सा दाट येतो. बस. मग स्वतःच मेथी निवडायला बसली आणि म्हणाली न धुता कागदात गुंडाळ, धुतली की गळते. बायकोशी तिचं फारसं पटत नाही हे जवळच्यांना माहिती आहे, पण त्या दिवशी दोघी ओट्याशी उभ्या राहून तासभर मसाल्यावर बोलत होत्या, मला मधे बोलूच देत नव्हत्या.

रविवारी त्या शहाद्याच्या पोराला घरी बोलावलंय, रूमवरच्या दोघांनाही घेऊन ये म्हणलं. पाटा-वरवंटा नाही, मिक्सर आहे, कांदे मी आणून ठेवतो, त्यांनी फक्त झाकणाचे डबे आणायचे. मायच्या काळ्या मसाल्याचं प्रमाण बायकोनं वहीत उतरवलेलं आहे, अजून कोणाला पाहिजे असेल तर मला मेसेज टाका, फोटो पाठवतो.