पान सात, कलम चार

पहिल्या तासाला सरांनी भाषा शिकवलीच नाही, नुसते नियम वाचले. 'स्क्रिप्टिंग लँग्वेजेस' हा विषय मी निव्वळ ऐकीव माहितीवर घेतला होता: सोपा असतो, कंपाइल करायची, म्हणजे कोड आधी मशीनच्या भाषेत उतरवून घ्यायची भानगड नसते, आपण चार ओळी खरडायच्या आणि कॉम्प्युटरनं राबायचं. नियमावली अकरा पानांची निघाली. पहिलं पान मी मन लावून ऐकलं. दुसऱ्यावर डोळे जड झाले. शेवटी 'सर्व नियम वाचले, समजले, मान्य आहेत' या चौकोनात मी खूण केली, तेव्हा तिन्ही क्रियापदं खोटी होती.

आता स्क्रिप्ट कशी चालते ते सांगतो, म्हणजे माझी पद्धत कळेल. बॅश ही लिनक्सवरची आज्ञांची भाषा; ते फाइल ओळीओळीनं वाचतं. चाळिसाव्या ओळीवर घोळ असला तरी आधीच्या एकोणचाळीस ओळी बिनदिक्कत चालवून मोकळं होतं. पायथन ही दुसरी भाषा जरा शहाणी, ते व्याकरण आधी तपासतं; पण चलाचं (व्हेरिएबलचं) नाव चुकलं असेल तर प्रत्यक्ष त्या ओळीवर पाय पडेपर्यंत ब्र काढत नाही. मी नियमावली अशीच वाचली. जिथे आपटलो तेवढं कलम.

गृहपाठ पहिला: वेब सर्व्हरच्या लॉगमधून, म्हणजे भेटींच्या नोंदवहीतून, सगळ्यात जास्त वेळा आलेले दहा आयपी पत्ते शोधा. मी पायथनमध्ये लिहिलं, माझ्या लॅपटॉपवर झकास चाललं. रात्री ११:५८ ला सबमिट केलं. ११:५९ ची मुदत असताना एक मिनिट हातात ठेवणारा मी, स्वतःवर खूष होऊन झोपलो.

सकाळी गुण: शून्य.

ऑफिस अवर्सना सरांच्या दारात पहिला मीच. "सर, माझ्या मशीनवर चालतं."

सर मान वर न करता म्हणाले, "पान सात, कलम चार."

कलम चार: प्रोग्रॅम विभागाच्या लिनक्स सर्व्हरवर चालला पाहिजे. 'माझ्या मशीनवर चालतं' हे स्पष्टीकरण ग्राह्य धरलं जाणार नाही. अवतरणचिन्हांसकट छापलं होतं. माझ्या तोंडचं वाक्य मी बोलण्याआधीच कुणीतरी टाइप करून ठेवलेलं पाहून माणसाला कसंसंच होतं.

सर्व्हरवर फाइल चालवली. उत्तर आलं, परवानगी नाही. फाइलला 'चालण्याचा' हक्क द्यावा लागतो, त्यासाठी सीएचमॉड ही आज्ञा. दिला. पुन्हा चालवली. पडद्यावर एकच ओळ आली, आणि तीही विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होणारी: ': अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही'. कोणती फाइल? सांगायला नको? अर्ध्या वाक्यापासून भांडण उकरून काढणाऱ्या माणसासारखी ती ओळ माझ्याकडे बघत होती. दोन तास गेले. फाइल तिथेच होती. मी तिचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीला दया आली. तिनं फाइलमधला मजकूर दाखवणारी कॅट ही आज्ञा एक पर्याय जोडून चालवायला लावली, आणि माझ्या प्रत्येक ओळीच्या शेवटी टोपी घातलेला एक 'एम' उगवला. हा कॅरेज रिटर्न. टेलिप्रिंटरच्या काळात छापणारं डोकं ओळीच्या सुरुवातीला परत न्यायला एक खूण लागे आणि कागद एक ओळ वर सरकवायला दुसरी. विंडोजनं दोन्ही जपल्या, युनिक्सनं एकच ठेवली. माझ्या एडिटरनं दोन्ही घातल्या होत्या. त्यामुळे पहिल्याच ओळीत मी पायथनला बोलावलं खरं, पण सर्व्हर पायथनच्या नावाला ही अदृश्य शेपटी जोडून त्या नावाचा कुणीतरी शोधत बसला. वर तीच शेपटी संदेशात छापली गेल्यावर कर्सर ओळीच्या सुरुवातीला गेला आणि संदेशाचा पुढचा भाग आधीच्या भागावर उमटला. चूक सांगणारी ओळसुद्धा चुकीनंच खाल्ली होती. आनंदीबाईंच्या 'ध चा मा'मध्ये निदान अक्षर दिसत तरी होतं.

शेपट्या छाटल्या, स्क्रिप्ट पुन्हा दिली. एक 'लेट डे', म्हणजे उशिराच्या सवलतीचा एक दिवस, गेला. सत्राला असे तीनच मिळतात, आणि एक सेकंद उशीर झाला तरी अख्खा दिवस कापतात (पान चार). एवढं करून गुण दहापैकी सहा. कारण? मी सभ्यपणे सुरुवातीला 'नमस्कार, आपला अहवाल तयार आहे' असं छापलं होतं. तपासणारं यंत्र अपेक्षित उत्तराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहतं. त्याला नमस्कार नको होता.

पर्ल या स्क्रिप्टिंग भाषेचे जनक लॅरी वॉल यांनी प्रोग्रॅमरचे तीन सद्गुण सांगितलेत: आळस, उतावळेपणा आणि गर्व. तिन्ही माझ्यात ओसंडून वाहतात, पण आमच्या नियमावलीत तिन्हींचे गुण कापतात. आळसानं कोड समजावणाऱ्या कॉमेंट लिहिल्या नाहीत: एक गेला. उतावळेपणानं सर्व्हरवर न तपासता दिलं: ते वर आलंच. राहिला गर्व. मी फेरतपासणीचा अर्ज केला. तेव्हा पान नऊ भेटलं: फेरतपासणीत संपूर्ण गृहपाठ नव्यानं तपासला जाईल, गुण कमीही होऊ शकतात. सहाचे चार झाले.

दुसऱ्या गृहपाठाला एका मित्रानं त्याचं उत्तर देऊ केलं. चलांची नावं बदल, म्हणाला, कुणाला कळणार? पण आमच्याकडे मॉस वापरतात. ही प्रणाली १९९४ पासून जगभरच्या नकला पकडतेय, आणि चलांच्या नावांकडे ती बघतच नाही, कोडची ठेवण बघते. मी नकार दिला. सचोटी वगैरे काही नाही, त्याच्या कोडमध्येही टोपीवाले एम असतील अशी भीती वाटली.

मग मात्र एका रविवारी नियमावली घेऊन बसलो. पहिली दोन पानं वर्गात झालीच होती म्हणून तिसऱ्यापासून सुरुवात केली. आणि दहाव्या पानावर घबाड सापडलं! शेवटच्या प्रकल्पाची मुदत शुक्रवार, आणि पुढे जी तारीख छापली होती ती शनिवारची. कॅलेंडर तीनदा पाहिलं. साक्षात सरांच्या स्क्रिप्टमध्ये बग! अत्यंत विनम्र भाषेत, आतून उकळ्या फुटत असताना, मी ईमेल लिहिली. विषय: 'नियमावलीतील एक चूक'.

उत्तर मिनिटाच्या आत आलं. यंत्राचं होतं.

'विषयाच्या ओळीत कोर्स क्रमांक नसल्याने ही ईमेल वाचली जाणार नाही. पाहा: पान दोन.'